‘सगळ्यांकडे आहे’ म्हणजे नेमके किती जणांकडे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तरुण मुले जाहिरातींच्या आहारी जात आहेत, अशी खंत व्यक्त करणारी पत्रे वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. त्यांतला कळवळा खरा असतो. उपाय मात्र बहुतेक वेळा एकच सुचवलेला असतो: मुलांना समजावून सांगा. समजावून फारसे हाती लागत नाही, आणि का लागत नाही याची कारणे आज चांगली ठाऊक आहेत. त्या कारणांवरून शाळेत, घरी आणि वृत्तपत्रात काय करता येईल हे नेमकेपणाने मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

मुलाला वस्तूचा मोह पडतो, हे निदान अर्धवट आहे. हट्टाच्या वेळी मुलाच्या तोंडी येणारे वाक्य पाहा. ‘हा बूट चांगला आहे’ असे ते म्हणत नाही. ‘सगळ्यांकडे आहे’ असे म्हणते. तरुणांसाठी केलेली कोणतीही अर्ध्या मिनिटाची जाहिरात आवाज बंद करून पाहावी आणि घड्याळ लावावे. वस्तू स्वतः किती सेकंद दिसते, आणि हसणारे मित्र, वळून पाहणारे चेहरे, घोळक्यात सामावून घेतला गेलेला मुलगा किंवा मुलगी किती सेकंद, हे वेगवेगळे मोजावे. बहुतेक जाहिरातींत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघतो. विकायला काढलेले असते ते गटातले स्थान. वस्तू ही त्याची पावती.

हे तंत्र मोबाइलच्या आधीचे आहे. लिस्टरिन हे द्रव एकोणिसाव्या शतकापासून जंतुनाशक म्हणून विकले जात होते. १९२०च्या दशकात त्याच्या जाहिराती तोंडाच्या दुर्गंधीकडे वळल्या. त्यांचा सूर असा, की लोक तुम्हाला टाळतात आणि कारण कुणी तोंडावर सांगत नाही. ज्या शंकेची खातरजमा स्वतःला करताच येत नाही, ती मनात रुजवली की गिऱ्हाईक कायमचे बांधले जाते. पुढे ३१ मार्च १९२९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी सर्वांदेखत सिगारेटी पेटवल्या आणि त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हटले गेले. त्यामागची आखणी एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धितज्ज्ञाची होती आणि पैसा एका तंबाखू कंपनीचा. बंडखोरीसुद्धा घाऊक विकता येते, हे तिथे सिद्ध झाले. ‘इतरांसारखे होऊ नका, स्वतःसारखे व्हा’ असे सांगत लाखो मुलांना एकच टोपी विकणारी आजची जाहिरात त्याच वळणाची आहे. म्हणून ‘तू तुझे वेगळेपण जप’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश मुलाच्या कानाला आणखी एका जाहिरातीसारखा लागतो.

दबाव कसा चालतो हे समजून घ्यायला मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे १९५०च्या दशकातले प्रयोग अजूनही सर्वांत उपयोगी आहेत. एका कार्डावर एक रेष, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी लांब कोणती ते सांगायचे. एकट्याने उत्तर देताना चूक जवळजवळ होतच नाही. पण खोलीतले बाकीचे सगळे प्रयोगकर्त्याचेच साथीदार असत आणि ठरलेल्या फेऱ्यांत एकमुखाने चुकीचे उत्तर देत. खरा प्रयोगार्थी एकटाच. अशा फेऱ्यांतल्या सुमारे एक तृतीयांश उत्तरांत त्याने गटाची री ओढली, आणि चारांपैकी साधारण तिघे निदान एकदा तरी वाकले. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. शिक्षक-पालकांच्या कामाची आहे ती पुढची. विरोधी माणसे एकावरून तीनवर गेली की दबाव झपाट्याने वाढतो. तीनच्या पुढे कितीही वाढवली तरी फारसा फरक पडत नाही. म्हणजे मुलाच्या लेखी तिघेजण ‘सगळे’ व्हायला पुरतात. दुसरे असे, की खरे उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला तरी गटामागे जाण्याचे प्रमाण सुमारे चौथाईवर येते. तोच सोबती मध्येच गटाला जाऊन मिळाला, तर ते पुन्हा उसळते. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर खासगीत लिहायचे असेल, तर दबाव पुष्कळ सैलावतो.

या चार निष्कर्षांवर पुढचे सगळे उभे आहे. दबावाचे बळ एकमतात असते, संख्येत फारसे नसते. आणि ते एकमत खरे असण्याचीही गरज नाही, तसे भासले तरी पुरते.

आज हा भास यंत्रे तयार करतात. एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर मुलीने एक पिशवी पाहिली, की पानात दडवलेला छोटासा कोड तिच्या भेटीची नोंद जाहिरातदारापर्यंत पोचवतो. मग तीच पिशवी गाण्याच्या ॲपमध्ये, खेळात, बातम्यांच्या पानावर तिच्या मागे येत राहते. तिला वाटते, जिकडे तिकडे हीच पिशवी आहे. प्रत्यक्षात ती तिच्याच पडद्यावर आहे. जोडीला इन्फ्लुएन्सर, म्हणजे समाजमाध्यमांवर मोठा चाहतावर्ग असलेली माणसे असतात. एकाच आठवड्यात वीसजणांना तीच वस्तू फुकट पाठवली, की वीस वेगवेगळ्या तोंडून तीच ‘आवड’ बाहेर पडते, आणि पाहणाऱ्याला ती वीस स्वतंत्र मते वाटतात. ॲशच्या खोलीतले साथीदार ते हेच. फरक इतकाच, की इथे खोलीबाहेर आल्यावर खरा प्रकार कुणी उलगडून सांगत नाही.

आकड्यांचा परिणाम किती होतो याचाही हिशेब झालेला आहे. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६मध्ये चौदा हजारांहून अधिक लोकांसमोर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली. काहींना नुसती गाणी दिसत. बाकीच्यांना एकमेकांपासून तोडलेल्या आठ गटांत विभागून, आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी डाउनलोड केले तेही दाखवले. आकडा दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय झाली. पण कोणते गाणे वर जाईल हे गटागटाला बदलले. एका गटात डोक्यावर घेतलेले गाणे दुसऱ्या गटात मध्येच कुठेतरी पडून राहिले. अतिशय चांगले सहसा तळाला गेले नाही आणि अतिशय सुमार सहसा शिखरावर पोचले नाही, पण या दोन टोकांमधल्या मोठ्या पट्ट्यात यशाला पहिल्या काही श्रोत्यांनी दिलेला धक्काच कारणी लागला. वर्गात ‘चालणारी’ वस्तू चांगली असतेच असे नाही. तिला सुरुवातीचा रेटा कुणी दिला, हे विचारायला हवे.

खरेदीच्या पानावरची घाई तर अनेकदा सरळ बनावट असते. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने २०१९मध्ये सुमारे ११ हजार खरेदी-संकेतस्थळे तपासली. त्यांत गिऱ्हाइकाला कोंडीत पकडणाऱ्या युक्त्यांची १,८१८ उदाहरणे सापडली आणि १८३ संकेतस्थळे उघड फसवणूक करताना आढळली. सवलतीची उरलेली वेळ दाखवणारी, पण शून्यावर पोचून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी उलटी घड्याळे त्यांत होती, आणि ‘आत्ता इतके जण ही वस्तू पाहत आहेत’ हा आकडा मनाला येईल तसा निर्माण करणारा कोडही होता. हे कोणालाही पडताळता येते. घड्याळाची वेळ लिहून ठेवा, तेच पान ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत उघडा. घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून चालू लागले, तर मुदत खोटी. घड्याळ संपेपर्यंत थांबून पान ताजे केले तरी तेच कळते. अर्थात घड्याळ दोन्हीकडे सारखे दिसले म्हणजे सवलत खरीच, असे मात्र नव्हे. दहा मिनिटांत होणारी ही तपासणी मुलांना स्वतःच्या हाताने करू द्यावी. तासभराच्या व्याख्यानापेक्षा ती खोल उतरते.

या दबावाची झळ पैशापुरती असती, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. फिजीच्या एका प्रांतात १९९५मध्ये दूरदर्शन पोचले. ॲन बेकर आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलींची त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८मध्ये पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुलींचे प्रमाण पहिल्या पाहणीत शून्य होते. तीन वर्षांनी ते ११.३ टक्के झाले. ज्या समाजात भरलेले अंग चांगले मानले जात होते, तिथे हे घडले. दोन पाहण्यांतल्या मुली वेगळ्या होत्या आणि बाकीचे जगही त्या काळात बदलत होते, त्यामुळे सगळा दोष एका पेटीवर टाकता येणार नाही. पण मुलाखतींत मुलींनी स्वतःच पडद्यावरच्या पात्रांसारखे दिसण्याची इच्छा बोलून दाखवली होती. पडदा फक्त कपडे विकत नाही, अंगावरचे मांस किती असावे हेही ठरवतो.

आता समजावून सांगणे का फसते ते पाहू. संज्ञापनाचे अभ्यासक डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३मध्ये एक साधे निरीक्षण मांडले: माध्यमांचा परिणाम इतरांवर होतो, आपल्यावर तेवढा होत नाही, असे प्रत्येकाला वाटते. जाहिरातींच्या युक्त्या शिकवलेल्या वर्गातली मुले हेच म्हणतात, ‘मला हे सगळे कळते, माझ्यावर चालत नाही.’ आणि त्याच आठवड्यात तीच वस्तू मागतात. यात दांभिकपणा नाही. जाहिरात खोटी आहे हे कळले, तरी वस्तू नसली तर गटाबाहेर पडू ही भीती जागची हलत नाही. हात घालायचा तो त्या भीतीला.

त्यासाठी एका तासिकेत बसणारा पाठ असा घेता येतो. सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या आणि सारख्या रंगाची पेने वाटावीत. फळ्यावर सध्या चर्चेत असलेली एक वस्तू लिहावी. ती कोणाकडे आहे हे मात्र चुकूनही विचारू नये. चिठ्ठीवर दोनच उत्तरे घ्यावीत. पहिले: कुणालाही कधीच कळणार नसेल, तर ही वस्तू तुला हवी आहे का? हो किंवा नाही. दुसरे: या वर्गातल्या किती जणांना ती मनापासून हवी असेल, असे तुला वाटते? एक आकडा. चिठ्ठ्या घडी घालून डब्यात. पहिल्या उत्तरांतल्या ‘हो’ची संख्या आणि दुसऱ्या उत्तरांची सरासरी शेजारी शेजारी लिहिली, की मुले अंदाज आणि वस्तुस्थिती यांतले अंतर स्वतः पाहतात. ‘सगळ्यांना हवे आहे’ असे मानणारे बरेचजण मनातून काठावर असतात आणि प्रत्येकाला आपणच एकटे काठावर आहोत असे वाटत असते. १९९३मध्ये डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांना विद्यार्थ्यांच्या मद्यपानाबाबत असेच आढळले होते: बहुतेकांना मनातून अस्वस्थ वाटत होते आणि इतर सगळे आपल्यापेक्षा निवांत आहेत असा प्रत्येकाचा समज होता.

पाठ सोपा दिसतो, पण बिघडायच्या जागा आहेत. वर्ग पंधरापेक्षा लहान असेल तर अक्षरावरून माणूस ओळखू येतो. तिथे लिहायला न लावता दोन रंगांचे मणी किंवा छापील चौकटी वापराव्यात. हात वर करायला सांगितले की पाठ संपलाच, कारण मग ॲशची खोली आपणच तयार केलेली असते. सर्वांत महत्त्वाची खबरदारी: आकडे आधी शिक्षकाने एकट्याने मोजावेत. खरोखरच बहुसंख्य मुलांना वस्तू हवी असेल तर तो आकडा फळ्यावर लिहू नये. त्याने काठावरची मुलेही तिकडे ढकलली जातात. त्या दिवशी सेकंद मोजण्याचा किंवा घड्याळ पडताळण्याचा पाठ घ्यावा आणि चिठ्ठ्यांसाठी दुसरी वस्तू निवडावी. आणखी एक चूक उत्साही शिक्षकांकडून होते. मुलांच्या आवडत्या ब्रँडची टर उडवली जाते. ज्या मुलाने घरी भांडून ती वस्तू मिळवलेली असते, त्याचा तो चारचौघांत पाणउतारा ठरतो. आणि ज्याला ती परवडतच नाही, त्याच्याकडे वर्गाच्या नजरा वळतात. उदाहरणे नेहमी दुसऱ्या वयोगटाच्या किंवा जुन्या जाहिरातींची घ्यावीत; मुले ती स्वतःवर आपोआप लावून पाहतात.

घरासाठी सांगण्यासारखे बरेच आहे, पण एक गोष्ट सर्वांत निकडीची वाटते. खाते उघडताना मूल अनेकदा जन्मवर्ष खोटे टाकते आणि पालक कानाडोळा करतात, काही तर स्वतः टाकून देतात. गूगल आणि फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीने २०२१मध्ये जाहीर केले, की अठरा वर्षांखालच्यांना त्यांच्या आवडीनिवडी हेरून जाहिराती दाखवल्या जाणार नाहीत. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानेही अल्पवयीनांची माहिती वापरून बेतलेल्या जाहिरातींना मनाई केली आहे. ही सगळी कवचे बहुतांशी नोंदवलेल्या वयावर चालतात. बारा वर्षांच्या मुलीने स्वतःला वीस वर्षांची सांगितले, की तिला सज्ञान गिऱ्हाईक समजून गळ टाकला जातो. तेव्हा आधी खात्यातले जन्मवर्ष पाहावे. मग अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधल्या गूगलच्या विभागात जाहिरातींच्या पानावर जाऊन जाहिरात-ओळख (जिच्यावरून जाहिरातदार फोन ओळखतात तो क्रमांक) पुसून टाकावी. आयफोनमध्ये गोपनीयतेच्या विभागात ‘ट्रॅकिंग’ उघडून ॲपना तशी परवानगी मागण्याचीच मुभा बंद करावी. याने जाहिराती थांबत नाहीत, पाठलाग कमी होतो. इन्स्टाग्रामवर लाइकचे आकडे लपवण्याची सोय आहे. ती मुलाच्या संमतीने वापरावी, चोरून नव्हे. खरेदीच्या ॲपमधून जतन केलेले कार्ड काढून टाकावे. दरवेळी सोळा आकडे टाकावे लागले, की पुष्कळ खरेदी तिथेच विरघळते.

सरसकट नकार देणाऱ्या पालकांना मात्र एक सांगावेसे वाटते. सगळ्या वर्गात आपले मूल एकटेच वेगळे पाडणे, हे त्याला ॲशच्या खोलीत सोबत्याशिवाय बसवणे आहे. तो ताण मोठ्यांनाही पेलत नाही. त्याऐवजी मुलाच्या दोन-तीन जवळच्या मित्रांच्या घरी बोलावे आणि एखाद्या गोष्टीवर, उदाहरणार्थ फोन कोणत्या इयत्तेत द्यायचा किंवा वाढदिवसाच्या भेटीला किती खर्च करायचा, एकत्र ठरवावे. सोबती मध्येच फुटला तर दबाव पुन्हा उसळतो, म्हणून ठरलेले निदान वर्षभर टिकेल इतकेच ठरवावे. मोठा संकल्प करून महिन्याभरात मोडण्यापेक्षा छोटी गोष्ट निभावलेली बरी.

कायदे करता येतात आणि झालेही आहेत. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १९८०पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करता येत नाही. नॉर्वेत जुलै २०२२पासून शरीराचा आकार वा त्वचा बदलून दाखवणाऱ्या जाहिरातींवर तसा ठळक शिक्का लागतो. असे नियम हवेतच. पण नियम जाहिरातीला धरतात. मित्रांच्या घोळक्यातून येणारा रेटा त्यांच्या कक्षेत येत नाही.

शेवटी आपल्याकडे, म्हणजे वृत्तपत्राकडे. ‘तरुणाईत अमुक वस्तूची क्रेझ’, ‘सध्या सगळीकडे याचीच चर्चा’ अशा मथळ्यांच्या बातम्या युवा पुरवण्यांत नेहमी दिसतात. किती तरुण, कुठले, कुणी मोजले, हे त्यांत क्वचितच असते. अनेकदा मजकूर कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकाच्या अंगाने जातो. मुलांच्या मनातले ते खोटे एकमत आपण छापील अधिकाराने पक्के करता. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका गटाने २०१६मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा ‘मिडल स्कूल’मधल्या, म्हणजे साधारण सहावी ते आठवीतल्या, ८० टक्क्यांहून अधिक मुलांना ‘प्रायोजित मजकूर’ अशी स्पष्ट पाटी असलेली जाहिरात खरी बातमी वाटली होती. म्हणजे कोपऱ्यात बारीक पाटी लावून भागत नाही.

म्हणून आपल्याला तीन विनंत्या आहेत. पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुरावर मथळ्याच्याच आकारात ‘जाहिरात’ असे लिहावे, आणि त्याचा टंक बातम्यांपेक्षा वेगळा ठेवावा. एखाद्या वस्तूच्या लोकप्रियतेची बातमी देताना तो दावा कुणाचा, त्यामागे विक्रीचा आकडा आहे की कंपनीचे म्हणणे, आणि लेखकाला वस्तू फुकट मिळाली होती का, हे बातमीतच द्यावे. आणि युवा पुरवणीत दर आठवड्याला एका जाहिरातीची उलटतपासणी मुलांकडूनच लिहून घ्यावी: किती सेकंद वस्तू, किती सेकंद घोळका, घड्याळ खरे की खोटे. लिहिणाऱ्या मुलांची नावे दोन-दोन, तीन-तीन एकत्र छापावीत, एकट्याचे नको.

आपले,
माध्यम-साक्षरतेचे वर्ग घेणारे काही शिक्षक